दिवेलागणीपर्यंत

आमच्या सावद्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं. वर्षभर शेतात राबणारा माणूस त्या दिवशी कुणाचाच नसतो. त्याला काम सांगायचं नाही, हाक मारून बोलवायचंही नाही. तो आपला धुतलेले कपडे घालून पाहुण्यासारखा येतो, आमरस आणि पुरणपोळी जेवतो, मग ओट्यावर बसून पुढच्या सालाचं बोलणं होतं. जमलं तर ठीक, नाही जमलं तर रामराम. एरवी ‘ए दिवल्या’ म्हणून ओरडणारे आमचे हे, म्हणजे पितांबर नाना, त्या एका दिवशी ‘दिवल्याभाऊ, अजून रस घ्या’ म्हणतात. मला दर वर्षी हसू येतं. यंदा आलं नाही.

यंदाच्या आखाजीला पुण्याहून माझा मुलगा जितेंद्र, सून नूतन आणि आठ महिन्यांची नात रेवा आली होती. नूतन धुळ्याची. बोलते कमी, पण नेमकं बोलते. हिवाळ्यात माझ्या वाढदिवसाच्या आधी तिने फोनवर सहज विचारलं होतं, ‘आई, काय आणू? तुम्हाला काय आवडतं?’ मी सांगायला लागले की जितूला शेवभाजी आवडते, नानांना भरीत आवडतं. ती म्हणाली, ‘तुम्हाला, आई.’ मी फोन कानाला लावून उभी राहिले. शेवटी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळत होतं. पंचावन्न वर्षांची बाई मी, अख्ख्या घराच्या आवडीनिवडी मला तोंडपाठ, आणि माझ्या रकान्यात काही नाही. बरं, विचार करायला निवांत बसावं तर तेही जमत नव्हतं. मला कधी रिकामं बसलेलं कुणी पाहिलं की मी आपोआप म्हणायची, जरा पाय दुखतोय. पाय ठणठणीत असायचा. नुसतं बसायलाही कारण द्यावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगात मुरलं होतं.

आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरून झाली आणि मी पोळ्यांना बसले. बाहेर ओट्यावर बापलेकांची मसलत चालली होती. रेवाला आतापर्यंत नूतनची आई सांभाळत होती. पण नूतनच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्या बाईंना धुळ्याला परतणं भाग होतं. नूतनची रजा कधीच संपलेली. आता रेवाकडे कोण पाहणार, हा प्रश्न होता, आणि उत्तर आत पोळ्या लाटत होतं.

‘सहा महिने आई पुण्याला, सहा महिने इकडे,’ जितेंद्र म्हणाला. ‘छान बॅलन्स होईल, नाना. आईलाही चेंज.’

‘पन केयीची कापनी असते तव्हा ती अठी पाहिजे,’ केळीच्या बागेचा विचार करत हे म्हणाले. ‘मानसाइचा चहा, जेवन, कोन करीन?’

‘मग ते महिने सोडून धरू.’

मला कुणी विचारलं नाही. चेंज मला हवा आहे हेही जितूनेच माझ्या वतीने मान्य करून टाकलं. माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात म्हणतात, तर असू दे. त्या दिवशी तो नाकावरून तव्यावर उतरला आणि एक पोळी करपली.

तेवढ्यात दिवल्या आला. पालच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. कितीतरी सालं तो आमच्याकडेच आहे. जेवला, हात धुतले, ओट्यावरच्या सतरंजीवर मांडी घालून बसला. मी सुपारीचं तबक घेऊन दारात उभी होते.

‘बोला दिवल्याभाऊ, पुढल्या सालाचं कसं?’ ह्यांनी विचारलं.

‘बठ्ठं गेल्या सालासारखंच,’ दिवल्या म्हणाला. ‘पन रातच्या लाईनीले पानी भराले येनार नही.’

‘काहाले?’

‘नही जमनार, नाना.’

एवढं बोलून तो गप्प बसला. रागाने नाही, सहज. ह्यांनी जरा वाट पाहिली. रात्रीची लाईट असते तेव्हाच मोटर चालते, मग कसं करायचं, असं काहीबाही बोलून पाहिलं. दिवल्या आंब्याची कोय पडलेल्या अंगणाकडे पाहत राहिला. घरी कुणी आजारी आहे का, वय झालं का, भीती वाटते का, त्याने काहीच सांगितलं नाही. शेवटी हे म्हणाले, ‘बरं. रातले दुसरा मानूस पाहू.’ दिवल्याने माझ्या हातून सुपारी घेतली आणि रामराम करून गेला.

मी दारातच खिळले. मला आठवेना, लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मी एखादी गोष्ट कारणाशिवाय कधी केली किंवा नाकारली होती. माहेरी जायचं तर भावाच्या मुलाचं जावळ आहे. उशिरा उठले तर डोकं जड होतं. आणि हा माणूस ‘नही जमनार’ म्हणतो, आणि आमचे हे मान डोलावतात. मला दिवल्याचा हेवा वाटला. खरं सांगायचं तर खूपच वाटला.

मी पदराला हात पुसले आणि दिवल्या बसला होता तिथे जाऊन, ह्यांच्या समोर, मांडी घालून बसले.

‘माहं बी साल सरलं,’ मी म्हटलं.

हे हसले. ‘काय पाहिजे, पैठनी?’

‘दिवल्याभाऊले इचारलं तसं इचारा.’

‘आई, पोळ्या राहिल्यात ना अजून?’ जितेंद्र म्हणाला.

‘राहिल्या हायेत,’ मी म्हटलं आणि हलले नाही.

ह्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. त्यांनी पाय आखडून घेतले. ‘बरं, बोल.’

‘दुपारची जेवनं उरकली का दिवे लागेपर्यंत मी कोनाची नही. सावद्यात असो का पुन्यात. आन् सहा सहा महिने वाटून घ्याले मी बांधावरचा आंबा नही. पुन्याले येईन ते माह्या मनानं येईन, माह्या मनानं परत येईन.’

‘दुपारी करशीन काय?’

इथेच माझी परीक्षा होती. मला गप्प बसता येत नाही, सावद्यात कुणालाही विचारा. शिवाय उत्तर तरी कुठे होतं? दुपारी काय करणार हे मलाच माहीत नव्हतं. तेच शोधायला तर दुपार हवी होती. भजनाला जाईन, क्रोशा शिकेन, असं काहीतरी सोयीचं जिभेच्या टोकावर आलं. ते सांगितलं असतं तर हे लगेच म्हणाले असते, मग जा ना, कोण नाही म्हणतंय, त्यासाठी रोजची अख्खी दुपार कशाला? मी जीभ दातांखाली धरली आणि अंगणाकडे पाहत बसले. हे म्हणाले, लोक काय म्हणतील. मी गप्प. म्हणाले, दुपारी कुणी पाहुणा आला तर? मी गप्प. आतून पोळी करपल्याचा वास अजून येत होता.

‘बरं,’ शेवटी ते म्हणाले. ‘दुपारचं तुले काय वाटते ते कर. पुन्याचं तुम्ही मायलेक पाहा.’

मला इतका आनंद झाला की उठून नाचावंसं वाटलं. आणि तेवढ्यात दारात रेवाला कडेवर घेऊन उभी असलेली नूतन मला दिसली. ती वळली आणि आत गेली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती भिंतीला टेकून रेवाच्या पाठीवर हात फिरवत होती. डोळे भरलेले.

‘तुम्ही बरोबर केलंत, आई,’ ती म्हणाली. ‘पण आता हो म्हणायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. माझी आई जाणार, तुम्ही येणार नाही. मग नोकरी कोण सोडणार, ते तुम्हीच सांगा.’

‘तुम्हाला काय आवडतं’ हे हिनेच मला विचारलं होतं, आणि माझ्या उत्तराचा भुर्दंड हिलाच पडत होता. शब्द मागे घ्यावा असं माझ्या मनात आलं. अगदी ओठांवर आलं होतं, ‘जाऊ दे गं, येते मी.’ रेवाने माझ्याकडे झेप घेतली, तिला मी छातीशी धरलं आणि मला अजूनच वाटलं की जावं. कोणत्या आजीला वाटणार नाही? पण मग सणक आली. बाहेर दोन पुरुष निवांत बसलेले आणि आत आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याचं एकमेकींकडून काढून घेतोय. मी एका हाताने रेवाला आणि दुसऱ्या हाताने नूतनला धरलं आणि दोघींना ओट्यावर घेऊन आले.

‘आता हिचं साल ठरवा,’ मी म्हटलं. ‘जितू, तू घरूनच काम करतो ना?’

‘तीन दिवस. पण मीटिंग असतात, आई.’

‘मलाही असतात,’ नूतन म्हणाली.

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की जितेंद्रला रागावताही येईना. मी रेवाला त्याच्या मांडीवर ठेवलं. तिने लगेच त्याचा चष्मा ओढला.

‘आपण एक पाळणाघर पाहिलं होतं,’ चष्मा सोडवून घेत तो म्हणाला.

‘पाहिलं होतं. तू म्हणालास, आई आहे ना.’

जितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आंब्याच्या चोरीत सापडला की असाच पाहायचा. पण मी त्याला सोडवायला गेले नाही. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं की अर्धा दिवस रेवा पाळणाघरात राहील, तो घरी असेल तेव्हा पुढचा अर्धा दिवस त्याचा, बाकीचे दिवस नूतन लवकर जाऊन लवकर येईल. कुणाच्याही मनासारखं पूर्ण झालं नाही. पुण्याला निघताना दोघांची तोंडं फुगलेलीच होती, आणि रेवा गाडीच्या काचेतून हात हलवत होती. मी घरात येऊन रडले. मग तोंड धुतलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझी दुपार सुरू झाली.

ती कशी गेली म्हणाल तर पहिले काही दिवस अगदी वाईट. भांडी घासून झाली की मी पलंगावर बसायची आणि भिंतीकडे पाहायची. दार वाजलं की दचकायची. भजनी मंडळात जाऊन पाहिलं, तिथे अध्यक्षीण कोण यावरून तंटा चालला होता. क्रोशा आणला, त्याचा गुंता मांजराने पळवला तेव्हा मला बरंच वाटलं. दुपारभर झोपून पाहिलं, तर संध्याकाळी मीच सगळ्यांवर खेकसत होते. मला काय आवडत नाही ते एकेक कळत गेलं, आणि तेही काही कमी नव्हतं.

मग एकदा भुसावळला चष्मा दुरुस्तीला टाकायला गेले. बसमध्ये खिडकी मिळाली. हातात पिशवी नव्हती, कुणाला भेटायचं नव्हतं. फैजपूर गेलं, दोन्हीकडे केळीच्या बागा, पुढे तापीचा पूल आला. पुलावर गाडी हळू झाली आणि वारा आत शिरला. मला एकदम कळलं की मला हे आवडतं. खिडकीत बसून जाणं. पोहोचण्यात मला काही रस नव्हता. भुसावळला उतरले, चष्मा दिला, एक कडक चहा घेतला आणि परतीच्या बसची खिडकी पकडली. त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा जाऊ लागले, चष्म्याचं काम नसतानाही.

गावात कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. माझी चुलत जाऊ सुगंधाबाई एकदा स्टँडवर भेटली. ‘भुसावयच्या दवाखान्यात कोन हाये?’ तिने काळजीने विचारलं.

‘कोनी नही.’

‘मंग काहाले जाते?’

‘जाते,’ मी म्हटलं. तिला माझी फारच काळजी वाटली असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिने खिचडी पाठवली.

हे मात्र घुम्यासारखे वागत होते. दुपारचा चहा स्वतः करून घ्यायचे आणि पातेलं मुद्दाम आपटायचे. मी नियम मोडला नाही. मध्ये पुण्याला जाऊन राहून आले, माझ्या मनाने गेले, माझ्या मनाने आले, आणि तिथेही दुपारी रेवा पाळणाघरातून आली तरी ती जितूच्या नाहीतर नूतनच्या ताब्यात असायची. मी बसने कुठेही जायची. पुण्याच्या बसला खिडकी मिळणं कठीण, पण मी भांडून मिळवायची.

पोळा झाला. एका संध्याकाळी मी भुसावळहून आले तर हे ओट्यावर माझा फोन हातात घेऊन बसलेले. जाताना फोन मी घरीच ठेवते, नाहीतर ती दुपार माझी राहत नाही. जितूने व्हिडिओ पाठवला होता. रेवा चालली होती. जितूच्या गुडघ्यापासून निघाली, दोनचार पावलं टाकली आणि नूतनच्या अंगावर पडली. मागून दोघांच्या हसण्याचा आवाज.

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

‘तू तठी असती तं डोयानं पाह्यलं असतं,’ हे म्हणाले. टोमणा नव्हता तो. जसं होतं तसं ते म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं. ‘पाह्यलं असतं.’

मला दोन्ही हवं होतं. रेवाचं पहिलं पाऊल आणि पुलावरचा वारा. दोन्ही मिळत नाही. आधीही मी कितीतरी गोष्टी गमावल्या होत्या, पण त्या परस्पर गेल्या होत्या, कुणीतरी ठरवलं आणि गेल्या. ही मी ठरवून गमावली होती. दुःख तेवढंच झालं, फक्त त्यात कुणावर राग नव्हता. इतकं स्वच्छ रडणं मला माहीत नव्हतं.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. हे माझा फोन मागायचे. ‘जरा दे, भाव पाहाचा हाये केयीचा,’ म्हणायचे आणि गोठ्यामागे जायचे. एकदा मी मागून गेले तर भाव कुठला, ते रेवाचा तोच व्हिडिओ पाहत होते. फोन नाकाला लावलेला, तोंड थोडं उघडं. मला पाहून दचकले नाहीत. ‘पाह्य,’ म्हणाले, ‘पडाच्या आधी हात कसे पसरते.’

दोन दिवसांनी मी बसला निघाले तर ते चप्पल घालून तयार. ‘मी बी येऊ का भुसावयले?’

माझं मन जरा द्रवलं. पण नाहीच म्हटलं. ‘ते माहं हाये. तुमचं तुम्ही शोधा.’

त्यांचा चेहरा पडला. बसमध्ये मला खिडकी मिळाली होती, वाराही होता, पण मन लागलं नाही. सतराव्या वर्षी शाळा सोडून हा माणूस केळीत शिरला तो अजून बाहेर आला नाही. आपण ‘शोधा’ म्हणून मोकळे झालो, पण शोधायचं कुठे, हे त्यांना कुणी कधी दाखवलं होतं? मी स्वतः तोंडघशी पडत पडत शिकले होते. चहा न घेताच मी परत आले.

घरात पलंगावर जुनी बॅग उघडी पडलेली. आत एक धोतर, दोन सदरे, दाढीचं सामान.

‘कोठी चालले?’

‘पुन्याले. महिनाभर राहीन म्हनतो. इकडे दिवल्या हाये, आपल्या सुगंधाबाईचा अमृत सकाय संध्याकाय चक्कर मारीन. त्याले सांगलं मी.’

‘जितूनं बलावलं?’

‘कोनी नही बलावलं,’ ते म्हणाले आणि सदऱ्याची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली. ‘मले जावं वाटते. पोरगी दुपारी पायनाघरातून येते ना, तव्हा जितूच्या मीटिंगा असतात. मी पाहीन तिले.’

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आखाजीच्या दिवशी रेवाला कोण पाहणार म्हणून आम्ही सगळ्यांची नावं घेतली होती. धुळ्याची आजी, सावद्याची आजी, आई, बाप, पाळणाघर. ह्या माणसाचं नाव कुणीच घेतलं नाही. त्यांनी स्वतःही घेतलं नाही. जितू लहान असताना ह्यांनी त्याला कधी कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही, मोठ्यांच्या देखत बापाने मूल घ्यायचं नसतं तेव्हा. ज्या कामासाठी मला अर्धं करून वाटत होते, ते हा माणूस मनातल्या मनात मागत होता आणि मागता येतं हेच त्याला माहीत नव्हतं.

मी बॅगेतले सदरे काढले आणि नीट घड्या घालू लागले. ते शेजारी उभे राहून पाहत होते. काहीतरी विचारायचं होतं हे मला दिसत होतं. आज मी घाई केली नाही.

‘पोरगी ओयखीन का मले?’ त्यांनी विचारलं.

‘लगेच नही ओयखनार,’ मी म्हटलं. ‘रडीन आधी.’

‘रडू दे,’ ते म्हणाले. ‘मी बसीन तठीच.’